शिकारीची जीप: सातारा-सांगलीच्या रानातली मागची गोष्ट

गावात कुणी थार नाहीतर जिम्नी घेतली की दोन प्रश्न ठरलेले, ॲव्हरेज किती देते आणि आता शिकारीला कधी जायचं. दुसरा प्रश्न चेष्टेतला असतो पण अगदीच चेष्टेतला नसतो, कारण आपल्याकडं जीप आणि शिकार ही जोडी चांगली दोन पिढ्या नांदलेली आहे, पाटणपासून जत-आटपाडीपर्यंत कुठंही जुन्या माणसांत बसा, कुणाच्या तरी चुलत्याच्या जीपचा आणि बारा बोअरच्या बंदुकीचा विषय निघतोच. म्हणून म्हटलं, शिकारीसाठी ऑफरोड गाडी बाळगणं परवडतं का हा प्रश्न मुळात आला कुठून ते जरा मागं जाऊन बघू. उत्तर आधीच सांगतो, आज परवडत नाही, आणि त्याला कारण डिझेल नाही.

गाडी यायच्या आधी शिकार म्हणजे सगळा माणूसबळाचा मामला. घाटाकडच्या रानात हाकारा व्हायचा, गावची पाच-पन्नास माणसं डबे बडवत, आरडाओरडा करत एका अंगानं रान उठवत यायची आणि दुसऱ्या तोंडाला बंदूकवाला मचाणावर नाहीतर एखाद्या जाळीत दबा धरून बसायचा. राजेलोकांना शिकारीचा नाद होताच. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचं (१६८२ ते १७४९) तर कुत्र्याचं प्रेम प्रसिद्ध आहे, शिकारीत वाघ अंगावर येताना खंड्या कुत्र्यानं भुंकून महाराजांना सावध केलं आणि मग त्या खंड्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात, संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. बघायला गेलात तर नदीच्या पाण्याचा अंदाज घेऊन जा, पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतो.

माळावरची तऱ्हा मात्र वेगळी. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात आडोसा नाही, झाडी नाही, काळवीट किंवा माळढोक पक्षी पायी येणारा माणूस लांबूनच बघतं आणि निघून जातं, तिथं हाकारा घालून काय करणार. पण एक गोष्ट जुन्या शिकाऱ्यांना पक्की ठाऊक होती, बैलगाडीला जनावर भीत नाही. रोज रानात येणारी-जाणारी गाडी त्याच्या सवयीची. मग शिकारी गाडीत आडवा पडायचा, गाडीवान बैल सरळ जनावराकडं न नेता लांबून वळसा घालायचा, जणू कडब्याला चाललाय असं दाखवत, प्रत्येक फेऱ्याला अंतर थोडं थोडं कमी करत, आणि टप्प्यात आलं की बार. पुढं जीपनं जे केलं त्याची तालीम इथंच झाली होती असं माझं मत आहे, म्हणजे चाकावर बसून जनावराला फसवायची अक्कल इंजिनाच्या कितीतरी आधीची.

याच माळावर पारधी फासे लावून तितर, ससे, हरणं धरायचे, पायी, पोटासाठी. त्यांच्यासारख्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं. साहेब आणि संस्थानिक त्याच माळावर बंदूक घेऊन फिरले तर तो खेळ, स्पोर्ट! हे लिहिल्याशिवाय आपल्याकडच्या शिकारीचा इतिहास पुढं नेणं मला तरी बरोबर वाटत नाही.

संस्थानं आपल्या भागात पैशाला पासरी होती, सांगली, मिरजेची दोन, औंध, फलटण, जत, आणि शेजारी कोल्हापूर. कोल्हापूरकरांचं राखीव शिकारीचं रान म्हणजे दाजीपूर, जिथं पुढं १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. कोल्हापूर दरबारी शिकारी चित्ते पाळलेले होते, देशातले मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणले, डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवर बसवून माळावर न्यायचे आणि हरणांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचे.

मोटार आली आणि संस्थानिकांना नवा खेळ मिळाला. राजस्थानातल्या कोट्याच्या महाराजांनी १९२५ साली खास शिकारीसाठी रोल्स-रॉइस बनवून घेतली होती, सर्चलाइटसकट. पैसेवाल्यांची हौस म्हणून ते सोडून देता येईल, पण दिवा आणि चाक एकत्र आले की काय होतं त्याचा सगळ्यात वाईट दाखला १९४७ चा आहे. छत्तीसगडात आता जो कोरिया भाग आहे तिथल्या राजानं रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले, भारतातले शेवटचे म्हणून नोंद झालेले ते हेच, आणि १९५२ ला चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं.

दिव्याचं काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे कायद्याचं पुढचं कळेल. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यामागं उजेड परत फेकणारा एक पडदा असतो, त्यामुळं झोत पडला की अंधारात दोन निखारे चमकतात, जनावर दिपतं आणि जागच्या जागी थांबतं. ससा तर आणखी बिचारा, हेडलाइटच्या पट्ट्यातच सरळ पळत राहतो, बाजूला अंधारात उडी मारायची सोडून. हे रात्री माणदेशातल्या रस्त्यानं गाडी चालवलेल्या कुणीही बघितलेलं असतं. अशा शिकारीला नेम लागत नाही, माग काढायला लागत नाही, वारा कुठला ते बघायला लागत नाही.

आता खरी जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्डनं सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या, पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचाचं अंतर, साठ हॉर्सपॉवरचं फोर सिलिंडर इंजिन, चारी चाकांना ताकद, वजन साधारण एक टन. युद्ध संपल्यावर उरलेल्या जीपा डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करानं काढलेल्या मालात, विकायला निघाल्या. नंतर महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली आणि जीप सरकारी खात्यांत, पाटबंधारेवाल्यांकडं, मोठ्या बागायतदारांकडं, पुढाऱ्यांकडं पोचली. रोल्स-रॉइसला हात लावायची ज्याची ऐपत नव्हती त्याच्या दारात आता रानात जाणारी गाडी उभी राहिली, शिकारीचा इतिहास बदलला तो इथं. संस्थानं विलीन झाली, दरबारी शिकाऱ्याचं काम गेलं, पण जीप आणि लायसनची बंदूक असलेले नवे लोक तयार झाले, इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, साहेब, आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसणारे त्यांचे पाहुणे.

त्यात रस्ते झाले. कोयना धरणाचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं तसं पाटण-हेळवाककडच्या रानात यंत्रं न्यायला वाटा फुटल्या, जिथं आधी पायवाट होती तिथं ट्रक जायला लागला. ट्रक जातो तिथं जीप जातेच.

कायदा नव्हता असं नाही. मुंबई राज्याचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ सालचा, त्यात लायसन होतं, बंद हंगाम होता. पण रात्री अकराला म्हसवडच्या माळावर लायसन तपासायला कोण येणार राव.

मग १९७२. आपल्याकडं बहात्तर म्हटलं की दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, दुसरं काही कुणाला आठवत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गंमत बघा, त्या मूळ कायद्यात शिकार सरसकट बंद नव्हती, लायसन घेऊन काही जनावरांची करता यायची, पण चाकाच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करायला सरळ मनाई होती, आणि गाडी घालून जनावर पळवायला, हाकायलाही. म्हणजे शिकारीला परवानगी, गाडीतून शिकारीला नाही. चाकाचं कुठलंही वाहन म्हटल्यामुळं आपली ती वळसे घालणारी बैलगाडीसुद्धा त्यात आली. जीपला कायद्यानं फास्यांच्या, विषाच्या आणि सुरुंगाच्या रांगेत बसवलं.

आणि हे फक्त आपल्याकडचं खूळ नव्हतं. अमेरिकेत शिकार आजही कायदेशीर आहे, तिथं ऑफरोड गाडी घ्यावी का यावर लोक तावातावानं वाद घालतात, मारलेलं हरीण डोंगरातून ओढून आणायला उपयोग होतो, वय झालेल्याला आत जाता येतं असं बरंच. होंडाची रानावनात चालवायची तीनचाकी तिथं १९७० ला आली आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सननी आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठं चालतील आणि कुठं नाही ते ठरवून द्या. चालत्या गाडीतून गोळी घालायला तिथल्या बहुतेक राज्यांतही बंदी आहे. १८८७ पासूनचा बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचाच क्लब, तोसुद्धा गाडीनं पळवून मारलेलं जनावर आपल्या नोंदवहीत घेत नाही. थोडक्यात तिथंही गाडी रानाच्या तोंडापर्यंत, पुढं पाय. ज्यांच्याकडं शिकार चालते त्यांनीच ही रेघ ओढली आहे हे आपल्याकडच्या हौशी मंडळींना कुणी सांगत नाही.

आपल्याकडं ती रेघसुद्धा राहिली नाही. बहात्तरच्या त्या कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं लायसनच्या शिकारीचं प्रकरणच संपलं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साधा रानससा आणि तितरसुद्धा संरक्षित यादीत आहेत. काळवीट-चिंकाऱ्यासारखं पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक यादीतलं, जनावर असेल किंवा शिकार अभयारण्यात केलेली असेल तर कैद कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, दंड पंचवीस हजाराच्या पुढं. पण गाडीवाल्यानं वाचायचं ते त्याच कायद्याचं कलम ३९ आहे. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन सरकारची मालमत्ता होतं असं त्यात लिहिलंय, बंदूक आणि फास्याबरोबर. दहा-पंधरा लाखाची गाडी, बँकेचा हप्ता चालू, आणि गाडी सरकारजमा. परवडतं का या प्रश्नाचा हिशोब इथंच संपतो खरं तर.

तरी एक गोष्ट बोलायची राहते, आपल्या जमिनीची. समजा कायदा बाजूला ठेवला, तरी साताऱ्याच्या पश्चिमेला फोर बाय फोरचा, म्हणजे चारी चाकांना ताकद असलेल्या गाडीचा, शिकारीला कधीच फार उपयोग नव्हता. जावळी, पाटण, शिराळ्याच्या वरचं रान म्हणजे उभे कडे, कारवीची गच्च झाडी, पावसात जांभ्यावर शेवाळ, तिथं गाडी रस्त्याला लावून चालतच जावं लागायचं, जीप असली काय आणि वडापची कमांडर असली काय, फरक शून्य. उलट पूर्वेला माळ एवढा सपाट आणि कडक की उन्हाळ्यात साधी गाडीसुद्धा पळते. काळवीट ताशी ऐंशीच्या आसपास पळतं म्हणतात, पण थोडा वेळच, मग त्याला धाप लागते, इंजिनाला लागत नाही. माळढोकाचं तसंच, जड पक्षी, उडाला तरी थोड्या अंतरावर परत बसतो आणि गाडी परत त्याच्या मागं. देशभरात माळढोक आता दीडशेच्या आत उरलाय, गवताळ माळ गेले, विजेच्या तारा आल्या ही कारणं आहेतच, पण जीपमधल्या बंदुकीचाही त्यात मोठा हात आहे. म्हणजे आपल्याकडं जिथं गाडी लागत होती तिथं ती चढत नव्हती आणि जिथं चढत होती तिथं जनावराला काही संधीच उरत नव्हती.

पुढं रान वाचवायचं काम सुरू झालं. १९८५ साली कोयना, चांदोली आणि सागरेश्वर ही तिन्ही अभयारण्यं झाली, त्यातलं सागरेश्वर तर उजाड डोंगरावर झाडं लावून, हरणं आणून माणसांनी उभं केलेलं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. चांदोली २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० ला कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. योगायोग म्हणा, डिसेंबर १९८५ लाच मारुतीची जिप्सी बाजारात आली आणि पुढं सफारीची गाडी म्हणजे जिप्सी हे समीकरण झालं, ज्या प्रकारची गाडी बंदूकवाल्याला रानात न्यायची त्याच प्रकारची आता कॅमेरावाल्याला न्यायला लागली. वनखात्याची गस्तही त्याच गाडीतून.

२०१० ला थार आली, २०२० ला नवी थार, आणि नाद परत फिरून आला, यावेळी ऑफरोडिंगच्या नावानं. बंदूक नाही हे चांगलंच, पण सड्यावर, पठारावर गाडी घालायची ती जुनी खोड आहेच. कास, चाळकेवाडीकडचं पठार दिसायला नुसता कातळ आहे, वर बोटभर माती, त्यात पावसाळ्यात उगवणारी इवली झुडपं, कातळातल्या डबक्यांत बेडकांची अंडी. त्यावरून टायर एकदा गेला की चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी वाहतं, माती जाते, आणि पुढच्या वर्षी दुसरा येऊन त्याच चाकोरीला रस्ता समजतो. तिथं रील करणाऱ्यांना गावकरी हाकलतात ते बरंच करतात.

राहता राहिला रानडुकराचा विषय, कारण शेतकरी माणूस हे सगळं वाचून विचारणारच की मग माझ्या भुईमुगाचं काय. रास्त प्रश्न आहे, एका रात्रीत एकराचा चिखल होतो. त्याला वाट आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्त करायला महाराष्ट्रात वनखात्याची परवानगी मागता येते आणि नुकसानभरपाईचा अर्जही वेगळा करता येतो, पंचनामा मात्र लगेच करून घ्या, वापसा येऊन रान नांगरल्यावर कोण काय बघणार. या सगळ्यासाठी बंदुकीचं लायसन, सातबारा आणि वनक्षेत्रपालांच्या ऑफिसला दोन-चार हेलपाटे एवढं लागतं, आणि तिथवर एसटी जाते.