सायनस म्हणताय खरं, पण ती अर्धशिशी तर नाही ना?

दिवाळी सरली आणि नाशिकात गारठा पडायला लागला की ऑफिसात, रिक्षात, भाजीवाल्यासमोर एकच वाक्य ऐकू येतं, 'माझं ना, सायनसचं डोकं आहे'. मीपण हेच म्हणायचे, चांगली आठ-नऊ वर्षं. सकाळी गंगापूर रोडने स्कूटीवर निघायचं, गार वारं तोंडावर, ऑफिसला पोचेपर्यंत नाक गळायला लागलेलं आणि दहा-साडेदहाला उजव्या भुवईच्या वर ठण ठण ठण. भुवईवर दुखतंय, नाक गळतंय, थंडीचे दिवस आहेत, आता याला सायनस नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? वाफ घेतली, आईने सुंठ उगाळून लेप लावला, ओव्याची पुरचुंडी हुंगली, नाकाचे ड्रॉप्स तर पर्समध्ये कायमच. तीन-चारदा अँटिबायोटिकचा कोर्सही झाला. दर वेळी दोन दिवसांत बरं वाटायचं, म्हणजे औषध लागू पडलं, म्हणजे सायनसच, असा माझा सरळ हिशोब.

तो हिशोब चुकलेला होता, आणि तो बऱ्याच जणांचा चुकतो म्हणून हे लिहायला घेतलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण जुनी पेशंट आहे.

आधी सायनस म्हणजे काय ते बघू, कारण आपण तो शब्द आजाराचं नाव असल्यासारखा वापरतो. सायनस प्रत्येकालाच असतात. चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या त्या, चार जोड्या: गालांच्या हाडात, कपाळात भुवयांच्या वर, नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांच्या मध्ये आणि एक जोडी पार आत मागच्या बाजूला. आतून ओलं अस्तर असतं, त्यातला चिकट द्रव बारीकशा तोंडातून नाकात उतरत राहतो. सर्दीने अस्तर सुजलं की ते तोंड बुजतं, द्रव आत साठतो, जंतूंना आयतं घर मिळतं. हे झालं सायनसायटिस. म्हणजे दुखणं खरंच सायनसचं असेल तर आत काहीतरी तुंबलेलं असणार आणि त्याच्या खुणा दिसणार: नाक गच्च बंद, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, घशात मागून उतरणारा बेडका, वास न येणं, कधी ताप, कधी वरच्या दाढा दुखणं. आमच्या शेजारच्या मावशी दात दुखतो म्हणून डेंटिस्टकडे गेल्या होत्या, दात चांगला निघाला, गालातला सायनस भरला होता. दुखणं पण कसं, जड, चेहऱ्यावर कुणी दगड ठेवल्यासारखं. आणि बहुतेक वेळा ते व्हायरसच्या सर्दीचंच शेपूट असतं, आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नाही, किंवा बरं होता होता परत उलटलं, तर जिवाणूंचा संशय, तिथे डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार करतात.

आता माझ्याकडे यातलं काय होतं? नाक गळायचं, पण पाण्यासारखं पातळ. ताप कधीच नाही. वास तर इतका येत होता की शेजारच्या टेबलवरचा परफ्यूम सहन व्हायचा नाही. हे मला वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही, कारण नाकाचा आणि परफ्यूमचा काय संबंध असंच वाटायचं.

शेवटी एका ईएनटी डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाल्या, नाक तर स्वच्छ आहे गं तुझं. मग त्यांनी जे विचारलं त्याचा नाकाशी काही संबंधच नव्हता. डोकं दुखताना मळमळतं का? ट्यूबलाइट बंद करावीशी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत या दुखण्यापायी एखादा दिवस तरी काम बाजूला ठेवावं लागलं का? मी तिन्हीला हो म्हटलं. हे प्रश्न त्यांच्या मनाचे नव्हते हे नंतर कळलं, मायग्रेन चटकन ओळखायला जगभर वापरतात ते, तीनपैकी दोनला हो आलं तरी मायग्रेनची शक्यता भक्कम धरतात.

मायग्रेन म्हणजेच आपली अर्धशिशी. गंमत म्हणजे दोन्ही नावांचा अर्थ एकच, ग्रीक 'हेमिक्रेनिया' म्हणजेसुद्धा अर्धी कवटी. आणि या नावानेच घोळ केलाय, कारण दोन्ही बाजूंना दुखलं की लोक म्हणतात छे, अर्धशिशी कुठली, अर्धं कुठं दुखतंय. पण पुष्कळांना ती दोन्हीकडे दुखते, कपाळावर, डोळ्यामागे, गालात, मानेत पण. डॉक्टर लोक कोणती बाजू एवढंच बघत नाहीत, बाकीचं सगळं बघतात: ठणका आहे का, उठून चार कामं करायला गेलं की वाढतो का, मळमळ-उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणं, आणि औषध न घेता हे 4 तास ते 72 तास चालणं. हा 72 तासांचा आकडा लक्षात ठेवा, त्यातच माझ्या अँटिबायोटिकची पोल आहे. दुखणं तसंही दोन-तीन दिवसांत जाणारच होतं, मी पहिल्या दिवशी गोळ्या सुरू करायचे, तिसऱ्या दिवशी डोकं उतरायचं आणि श्रेय गोळीला.

मग नाक का गळतं? खरी मेख इथे आहे. चेहऱ्याची सगळी संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस आहे, ट्रायजेमिनल, तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. मेंदूच्या आवरणाची जाणीवही हीच नस नेते आणि सायनसच्या अस्तराचीही. मायग्रेनमध्ये हीच नस पेटते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं. दुखणं सुरू होतं आत, पण मेंदूला वाटतं कपाळ दुखतंय, गाल दुखतोय. शिवाय ही नस चवताळली की तिच्या जोडीने डोळ्यांतल्या पाण्याच्या आणि नाकातल्या ग्रंथींना पण हुकूम जातो, म्हणून डोळा पाणावतो, नाक चोंदतं नाहीतर गळतं. म्हणजे सर्दीमुळे डोकं दुखत नव्हतं, डोकं दुखण्याच्या भानगडीतच नाक गळत होतं. मी नऊ वर्षं उलटं वाचत होते.

आणि मी एकटी नाही. 2004 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला होता, 'मला सायनसचं डोकं आहे' असं सांगणारे किंवा डॉक्टरांनीच तसं सांगितलेले 2991 लोक तपासले, त्यातल्या 88 टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या व्याख्येत बसलं. शंभरातले अठ्ठ्याऐंशी! अर्थात ज्यांना तेव्हा ताप किंवा पू असं खरं इन्फेक्शन होतं ते यात धरलेच नव्हते, त्यामुळे सायनस नावाचा आजारच नसतो असा अर्थ कुणी काढू नका.

काही घरगुती परीक्षा आपण करतो त्या बऱ्याचशा फसव्या आहेत. 'खाली वाकलं की दुखतं म्हणजे सायनस', हे तर मी कित्येकांना छातीठोकपणे सांगितलंय. पण वाकल्यावर मायग्रेनही वाढतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा जिना बरा. डोकं दुखत असताना पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा नुसता विचार करून बघा, पोटात गोळा आला तर पारडं अर्धशिशीकडे झुकतं. वाफेने बरं वाटणं हाही पुरावा नाही, अंधारात टॉवेल घेऊन दहा मिनिटं गप्प बसलं की अर्धशिशीलाही जरा बरं वाटतं, त्यात वाफ किती आणि अंधार किती कोण सांगणार. आणि ते 'नाकाचं हाड वाढलंय'! मधला पडदा थोडाफार वाकडा असलेली माणसं ढिगाने असतात आणि त्यातल्या कित्येकांचं डोकं जन्मात दुखत नाही. सीटी स्कॅनमध्ये सायनसचं अस्तर जरा जाड दिसणंही तसंच, काहीच त्रास नसलेल्यांनाही दिसतं. तेवढ्या एका कागदावर ऑपरेशनला तयार व्हायच्या आधी वरचे तीन प्रश्न स्वतःला विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आपल्याकडे तिसरं एक नाव आहे, ते घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही: पित्त. 'पित्ताने डोकं चढलंय, उलटी झाली की उतरेल.' आमच्या घरात अर्धशिशीचं हेच नाव होतं. उलटीनंतर पुष्कळांना खरंच बरं वाटतं, पण म्हणून मूळ पोटात असतं असं नाही. अर्धशिशीच्या अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ. आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी नुसती पोटात पडून राहते. काही डॉक्टर दुखण्याच्या गोळीबरोबर उलटीची गोळी देतात ती यासाठी.

डोक्यावरून न्हायलं की डोकं धरतं, हे पण आपण सर्दीत टाकतो. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये अशा 94 भारतीय पेशंटची निरीक्षणं छापली होती, न्हाण्याने मायग्रेन सुरू होणारी माणसं. आज्या सांगायच्या ओल्या केसांनी हिंडू नकोस, त्यात अगदीच काही तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही मला. बाकीची कारणं ओळखीचीच: ऊन, जेवणाची वेळ चुकणं, कमी झोप तशी रविवारची जास्त झोपही, पाळीचे दिवस, उग्र वास, हवा पालटणं. बायकांना हे पुरुषांच्या साधारण तिप्पट होतं आणि घराण्यात चालतं. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, त्याला ऑरा म्हणतात. सायनसमध्ये असलं काही होत नाही. ऑरा येत असेल तर गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा, काही गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो.

सायनस आणि अर्धशिशी सोडून डोकेदुखीचे आणखीही प्रकार आहेत. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतं, मळमळ नाही, काम रेटता येतं, ते ताणाचं डोकं, सगळ्यात जास्त आढळणारं. आणि एका डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं, डोळा लाल, नाक त्याच बाजूचं गळतंय, माणूस आडवा न पडता येरझाऱ्या घालतोय, ती क्लस्टर डोकेदुखी, विरळा पण भयानक, तेही पुष्कळदा सायनस म्हणूनच खपतं.

नाव चुकलं तर औषधही चुकतं, आणि महागात पडतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारे ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घालायचे नसतात, नाहीतर नाक त्या ड्रॉप्समुळेच चोंदायला लागतं. मी महिनोनमहिने घालत होते. दुखण्याच्या गोळ्यांचं तसंच, साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान नावाची खास मायग्रेनची औषधं 10 दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. अर्धशिशीत गोळी घ्यायची ती दुखणं चढायच्या आत. ट्रिप्टान हृदयविकार असणाऱ्यांना चालत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून नको, डॉक्टरांकडूनच. वारंवार होत असेल तर रोज घ्यायची, अटॅक कमी करणारी औषधं वेगळी असतात.

आणि काही डोकेदुख्यांत सायनस की अर्धशिशी असा वाद घालतच बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं: क्षणात सुरू होऊन मिनिटाभरात कळस गाठणारं दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उपटलेलं. सर्दीत डोळ्याभोवती सूज येऊन एकाचे दोन दिसायला लागले तरीही तेच.

डॉक्टर बाईंनी मला दुखण्याच्या दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. मी मोबाइलमध्ये ठेवायला लागले, तर आईने हौसेने भिंतीवरच्या कालनिर्णयवर स्वतःच्या फुल्या मारायला सुरुवात केली, तिचं ते पित्ताचं डोकं. चार महिन्यांनी पानं उलटून बघितली तर फुल्या बहुतेक संकष्टीच्या चौकोनात, नाहीतर लगेच पुढच्या. आई संकष्टीला दिवसभर चहावर असते, चंद्र निघेपर्यंत. मी म्हटलं, बघ, तुझा आणि माझा आजार एकच. म्हणाली, 'अगं मला कुठली अर्धशिशी, माझं आख्खं दुखतं.' उपवास काही सोडला नाही तिने, पण दुपारी एकला ताटभर भगर-आमटी खाते आता. मागच्या तीन संकष्ट्यांत एकच फुली आहे, आणि ती रविवार कारंज्याला उन्हात फिरल्यामुळे, असं तिचं म्हणणं.