ॲप टाकायला लावायचं की लिंक पाठवायची?

पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीत तासातासाला एकच चौकशी सुरू होते: ‘आयर्विनला किती?’ १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. म्हणजे अख्ख्या शहराला हवा असतो फक्त एक आकडा. तो लोकांच्या मोबाइलवर पोचवायला ॲप काढावं, की साधी वेबसाइट पुरे?

हल्ली पतसंस्था असो की मंडळ, बैठकीत पहिला ठराव ‘आपलं एक ॲप काढू’ हाच असतो. ते लोकांनी का टाकून घ्यावं, हा प्रश्न उद्घाटनानंतर पडतो.

स्क्रीनवर दोन्ही सारखी दिसली तरी आतला कारभार निराळा. नेटिव्ह ॲप म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोनसाठी खास लिहिलेला प्रोग्राम. तो एकदा उतरवला की फोनमध्येच राहतो, त्याचा बराचसा कोड आधीच यंत्राच्या भाषेच्या जवळ आणलेला असतो आणि परवानगी मिळाली की कॅमेरा, जीपीएस, ब्लूटूथ त्याच्या हाताशी असतात. वेबसाइट मात्र लिंक दाबल्यावर सर्व्हरवरून येते. तिच्यासोबत जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणाऱ्या भाषेतला, कोडही येतो, तोही निव्वळ मजकूर म्हणून. ब्राउझर तो वाचतो, यंत्राला कळेल असा करतो, पानाची मांडणी ठरवतो आणि मग रंगवतो. ही सगळी मेहनत तुमच्या फोनच्या प्रोसेसरची. महागड्या फोनवर ती जाणवत नाही, स्वस्तातल्या फोनवर चांगलीच जाणवते.

किती जाणवते, याचा हिशेब करता येतो. फोनची स्क्रीन साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवली जाते, म्हणजे एका चित्रासाठी मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. वेबपानावर जावास्क्रिप्ट चालवणं आणि मांडणी करणं ही दोन्ही कामं मुख्यतः एकाच रांगेत होतात. एखाद्या कोडने ती रांग २०० मिलिसेकंद अडवून धरली, तर बारा चित्रं बुडाली. वर सरकवलेली यादी मध्येच अडकते आणि झटका देऊन पुढे जाते, ती यामुळे. नेटिव्ह ॲपमध्येही आळशी कोड लिहिला तर हेच होतं, पण तिथे जड काम बाजूला काढून ठेवायची सोय जास्त आहे.

‘वेबसाइट जड वाटते’ या तक्रारीचा आणखी एक धागा मला फार मजेशीर वाटतो. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर वेबपानं बारीक दिसायची आणि दोनदा टिचकी मारली की मोठी व्हायची. त्यामुळे तुम्ही एकदा बटण दाबलं की ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद नुसता थांबायचा, दुसरी टिचकी येतेय का ते पाहायला. आता, दाबल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत काही घडलं तर ते माणसाला ‘लगेच’ वाटतं, हे वापरसुलभतेच्या अभ्यासात फार आधीपासून मानलं जातं. म्हणजे वेबसाइटची गाडी सुटायच्या आधीच तिप्पट उशीर! मोबाइलच्या मापाने बनवलेल्या पानांसाठी २०१४ मध्ये क्रोमने ही वाट पाहणं बंद केलं, आयफोनवर त्यानंतर दोनेक वर्षांनी तसंच झालं. वेबसाइटची बदनामी मात्र अजून पुसलेली नाही.

खरं तर आयफोन आला तेव्हा, २००७ मध्ये, बाहेरच्या प्रोग्रामरांनी वेब ॲपच बनवावीत असं स्टीव्ह जॉब्ज यांचं म्हणणं होतं. वर्षभरात बेत बदलला आणि जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲपसह ॲप स्टोअर उघडलं. फेसबुकने आपलं मोबाइल ॲप आतून वेबवर चालवून पाहिलं. ते इतकं रेंगाळायचं की २०१२ मध्ये कंपनीने आयफोनचं ॲप नव्याने, नेटिव्ह लिहिलं आणि वेबवर एवढा भरवसा टाकणं चुकलं हे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केलं. आपल्याकडे उलटा धडा मिळाला. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने २०१५ च्या मे महिन्यात वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं. पुढच्याच वर्षी वेबसाइट परत उघडावी लागली.

त्याच सुमारास वेबच्या हाती एक नवं हत्यार आलं: सर्व्हिस वर्कर. मार्केट यार्डात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो, तसा हा छोटा प्रोग्राम वेबपान आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसतो. पानाने काहीही मागितलं की मागणी आधी त्याच्याकडे जाते. माल त्याच्या गोदामात असला तर तिथूनच देतो, नसला तर नेटवरून मागवतो आणि पुढच्या वेळेसाठी एक प्रत ठेवून घेतो. एकदा पान नीट उघडलं की पुढे रेंज नसतानाही ते उघडू शकतं, ते याच्यामुळे. होम स्क्रीनवर आयकन ठेवता येतो, नोटिफिकेशन पाठवता येतं. अशा वेबसाइटला प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणू लागले. फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस याच पद्धतीची हलकी आवृत्ती काढली.

एवढं समजलं की पुराचा आकडा कुठे ठेवायचा ते सहज ठरतं. ज्याला तो वर्षातून चार-सहा दिवस बघायचा आहे, तो त्यासाठी प्ले स्टोअर उघडून, ‘स्टोरेज फुल’ दिसल्यावर शुभ सकाळचे फोटो डिलीट करून, ॲप टाकत बसणार नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक तो दाबेल. त्यातही पुरात वीज गेलेली, टॉवर निम्मे बंद, नेट सेकंदाला ५० किलोबिटच्या वेगाने सरपटतंय असं धरा. फोटो, नकाशे आणि मान्यवरांची छायाचित्रं घातलेलं ३ एमबीचं पान उघडायला आठ मिनिटं लागतील. तोच आकडा १० केबीच्या साध्या पानावर टाकला, तर दोन सेकंदांच्या आत हातात. मध्यरात्री झोपेतून उठवायचं असेल तर या दोघांपेक्षा सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे टॉवरवरून एकदम सगळ्यांना जाणारा इशारा, बरं. टॉवरच्या हद्दीतल्या फोनवर ते मोठ्या आवाजात वाजतं आणि त्याला ॲप लागत नाही, की नेटही लागत नाही.

हळदीच्या सौद्यांचे दर, कासच्या फुलांच्या हंगामातलं बुकिंग ही कामंही लिंकवर भागणारी. कासला जाणारा कुटुंबासह वर्षातून एकदा जातो. फक्त तिकिटाचं पान रेंज नसतानाही उघडेल, एवढी काळजी बनवणाऱ्याने घ्यायला हवी, नाहीतर गेटवर सगळे फोन उंच धरून उभे!

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचं गणित मात्र वेगळं आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही महिने फवारण्यांची नोंद सतत करावी लागते: कोणतं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख, काढणीआधी किती दिवस थांबायचं. माल निर्यातीचा असेल तर या नोंदी नसून चालतच नाही. बागेत रेंज येते-जाते, हात ओले, घाई असते. पानावरच्या डागाचा फोटो काढायचा, हवामान यंत्राचे आकडे ब्लूटूथने घ्यायचे. हे काम नेटिव्ह ॲपचं. वेबवरून ब्लूटूथ अँड्रॉइडच्या क्रोममध्ये चालतं, आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये चालत नाही. शिवाय सफारीत एक खोच आहे. ज्या वेबसाइटला तुम्ही सफारी वापरताना सात दिवस हात लावला नाही, तिने फोनमध्ये साठवलेला मजकूर सफारी पुसून टाकू शकते. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपना हा नियम लागू नाही, पण ही गोष्ट बागायतदाराला कोण सांगणार? नोटिफिकेशनचंही तसंच. आयफोनवर वेब ॲपला ते पाठवता येऊ लागलं २०२३ मध्ये, तेही होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच.

खर्चाचं थोडक्यात. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. पण खरा खर्च नंतरचा. गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावतं. तसं केलं नाही तर नव्या फोनवाल्यांना ते ॲप स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून हौसेने करून घेतलेली ॲप तो पुण्याला नोकरीला लागला की अशीच मरतात. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही साधनं वापरून एकाच कोडमधून दोन्ही फोनसाठी ॲप बनतं, त्याने मेहनत वाचते, देखभाल सुटत नाही.

वेबवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. युरोपात होम स्क्रीनवरची वेब ॲप बंद करण्याचं ॲपलने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर मार्चमध्ये माघार घेतली. नेटिव्ह ॲप चालतं स्टोअरवाल्याच्या मर्जीवर, वेब ॲप ब्राउझरवाल्याच्या मर्जीवर. म्हणून बागायतदारासाठी काहीही बनवा, त्यात सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचं बटण पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि ते सेटिंगच्या आत पुरून न ठेवता पहिल्याच स्क्रीनवर, अंगठा पोचेल तिथे.