डिस्टोपिया : कथासाहित्यातील इशारा

डिस्टोपिया म्हणजे कथा-कादंबरीत उभा केलेला असा समाज, जिथे कारभार सुरळीत चालतो, नियम पाळले जातात, आणि माणसाला मात्र माणूस म्हणून जगता येत नाही. नुसती अंदाधुंदी, दुष्काळ किंवा युद्ध दाखवणारी कथा या प्रकारात बसत नाही. इथली व्यवस्था ठरल्याप्रमाणे काम करत असते आणि भीती तिच्या त्या चोख कामाचीच असते. टॉमस मोर याने 1516 साली ‘युटोपिया’ लिहून आदर्श बेटाची कल्पना मांडली. तिची उलटी बाजू विसाव्या शतकात स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून रुजली.

अशी कादंबरी भविष्य सांगायला बसलेली नसते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात. पाणी 39 फुटांवर आले तेव्हा शहरातल्या बहुतेक घरांचे उंबरे कोरडे असतात, पण नदीकाठच्यांनी आवराआवर करायची ती तेव्हाच. डिस्टोपियाचे काम या पहिल्या खुणेचे आहे. ‘लिहिलेले खरे ठरले का’ यापेक्षा ‘यातली कोणती प्रथा आपल्याकडे आधीच सुरू आहे’ हा प्रश्न घेऊन तिच्याकडे जावे.

हजेरी आणि क्रमांक

या कथांचा कच्चा माल बहुतेक वेळा सरकारी दप्तरात सापडतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. नावे नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. कोल्हापूर संस्थानातही काही जातींवर हजेरीची सक्ती होती. राजर्षी शाहू महाराजांनी ती 1918 मध्ये बंद केली. ब्रिटिशांचा कायदा देशभरातून जायला मात्र 1952 उजाडले.

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने 1920-21 च्या सुमारास ‘वुई’ लिहिली. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदा ओढायलाही चिठ्ठी लागते. ती प्रथम 1924 मध्ये इंग्रजी भाषांतरात छापली गेली, सोव्हिएत संघात 1988 मध्ये. लेखकाची कल्पनाशक्ती मोठी होतीच, पण हजेरीचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला ती काचेची भिंत अनोळखी वाटणार नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (1949) मध्ये पाळत ठेवणारा टीव्हीसारखा पडदा सर्वांना आठवतो. त्याहून नेमका भाग म्हणजे नायकाची नोकरी. विन्स्टन स्मिथ जुन्या वृत्तपत्रांतला मजकूर दुरुस्त करतो. चॉकलेटचा आठवड्याचा वाटा 30 ग्रॅमवरून 20 वर आणला जातो, आणि दुसऱ्याच दिवशी तो 20 पर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोक आभार मानतात. आपल्याकडे आणीबाणी लागली तेव्हा, जून 1975 मध्ये, काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. कोरी जागा निदान सांगते की इथे काहीतरी होते. विन्स्टनचे काम ती कोरी जागाही उरू न देण्याचे आहे, म्हणून तो पडद्यापेक्षा जास्त धोकादायक आहे.

सुखाची सक्ती

दुसरी वाट अल्डस हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ची (1932). तिथे मारहाण जवळजवळ नाही. एका बीजांडापासून 96 पर्यंत सारखी माणसे तयार करतात, पाच वर्ग पाडतात, आणि खालच्या वर्गाच्या गर्भाला प्राणवायूच कमी देतात. प्रत्येक मुलाला झोपेत शिकवले जाते की आपला वर्गच बरा. मराठी वाचकाने हे पान सावकाश वाचावे. जातीची उतरंड टिकते ती खालच्याला आपली पायरी योग्य वाटायला लावण्यामुळे, हे महाराष्ट्रात फुले-आंबेडकरांनी कादंबरीची वाट न पाहता सांगितले होते.

ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा 1909 ची. माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, पडद्यावरून बोलतात आणि स्पर्शाला किळसतात. यंत्र बिघडू लागते ते एकदम नव्हे. आधी संगीतात खरखर येते, मग कृत्रिम फळांना बुरशी लागते, स्नानाच्या पाण्याला वास येतो, रात्री बिछाना येत नाही. प्रत्येक वेळी तक्रार दुरुस्ती समितीकडे जाते आणि उत्तर येईपर्यंत माणसे त्या बिघाडाला सरावतात. दुरुस्ती जाणणारा कोणी उरलेला नसतो, हे शेवटी कळते. (हाच फॉर्स्टर 1921 मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता, तुकोजीराव हे शाहू महाराजांचे जावई.)

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (1985) स्त्रियांची बँक खाती आणि नोकऱ्या एकाच दिवशी जातात, बाकीचे सारे त्यानंतर सोपे होते. मराठीत कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी या साहित्यप्रकाराच्या जोडीने वाचण्याजोगी आहे: यंत्रमानवाला स्वतःसारखे यंत्रमानव घडवता आले तर माणसाच्या हाती काय उरते, हा तिचा प्रश्न.

रचना आणि नेहमीच्या चुका

लिहिणाऱ्याने एकच नियम उचलावा आणि तो आज वापरातला असावा. समजा, कोल्हापुरातल्या गंगावेशीतले रेशन दुकान. ई-पॉस यंत्रावर म्हाताऱ्या कष्टकरी बाईचा अंगठा उमटत नाही, कारण बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. आज तिच्यासाठी ओटीपीसारखा पर्याय ठेवलेला आहे. धान्य का नाकारले हे विचारायचे तर माहिती अधिकारात अर्जाला 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे, न मिळाल्यास अपील करता येते. कथेत या पायऱ्या एकेक करून काढायच्या, आणि प्रत्येक वेळी कारण पटण्याजोगे द्यायचे: बोगस कार्डे, गर्दी, खर्च. दुकानदार दुष्ट नको. ‘मावशी, मशीन घेत नाही, मी काय करू?’ एवढेच तो म्हणतो आणि ते खरे असते.

फसते ते इथे. पहिल्या दहा पानांत ‘महायुद्धानंतर असे झाले’ म्हणून सारा इतिहास ओतला की वाचक पाहुणा होऊन बसतो. नायक पहिल्यापासून बंडखोर असला की व्यवस्थेची पकड दिसतच नाही. तो कारकून असावा, कामात चोख असावा. हुकूमशहाला फार जागा दिली की दोष एका माणसावर जातो आणि वाचक सुटतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळेच काळे रंगवणे. कथा कोल्हापुरात घडत असेल तर रंकाळ्यावरची संध्याकाळ, तालमीतली माती, मिसळीचा कट हे सारे तिच्यात हवेच. तालमीच्या कट्ट्यावर रोज बसणाऱ्या चौघांपैकी दोघे दिसेनासे झाले, उरलेल्या दोघांनी त्यांचे नाव काढले नाही आणि गप्पा पुन्हा कुस्तीवर आल्या, एवढ्याने जे साधते ते पाळतीच्या पन्नास उपकरणांनी साधत नाही.

वाचायला सुरुवात फॉर्स्टरपासून करावी. कथा एका बैठकीत संपते. ऑर्वेलची कादंबरी हाती घेतल्यावर शेवटचे भाषेवरचे परिशिष्ट गाळू नये. ते भूतकाळात लिहिले आहे, आणि त्यावरून ती राजवट पुढे कधीतरी संपली असावी असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.