खिमा-पाव (सोलापूर)

खिमा-पाव : बारीक केलेले मांस कांदा-मसाल्यात कोरडे होईपर्यंत परतून, तव्यावर शेकलेल्या पावात भरून किंवा पावाशी लावून खाण्याचा पदार्थ. सोलापुरात तो हॉटेलात मिळतो. तसाच एका पातेल्यात घरभराला पुरणारा रात्रीचा बेत म्हणूनही होतो. अमेरिकेतील ‘स्लॉपी जो’ याच जातीचा. मात्र त्यात गोमांसाचा खिमा टोमॅटोच्या गोडसर सॉसमध्ये शिजवून गोल बनपावात भरतात.

‘खिमा’ हा शब्द फार्सी ‘कीमा’वरून मराठीत आला, याबद्दल दुमत नाही. त्यामागची व्युत्पत्ती मात्र वादाची आहे. ग्रीक ‘किमास’शी त्याचा संबंध जोडला जातो, परंतु तो शब्द ग्रीकनेच तुर्कीतून घेतलेला असल्याने मूळ तुर्की ‘कियमक’ (बारीक चिरणे) या धातूत मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अबुल फज्लच्या आइन-इ-अकबरीत (सोळाव्या शतकाची अखेर) किमा घातलेल्या पुलावाची नोंद आहे. त्यावरून खिमा मोगलांनी दक्षिणेत आणला असे समजले जाते. औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 या काळात भीमाकाठी ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातच, होती. हा या मताचा भक्कम आधार. तथापि त्याआधी बहमनी व आदिलशाही दरबारांत इराणी-तुर्की सरदार पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्यात सतत हात बदलत राहिला. चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून विजापूरला मिळाला होता. तेव्हा पदार्थाची ओळख मोगलांपूर्वी विजापूरकडून झाली असावी, हेच संभाव्य दिसते.

पाव नंतरचा. ‘पाव’ हा पोर्तुगीज ‘पांव’वरून आला; पायांनी मळतात म्हणून ‘पाव’, ही मात्र लोकव्युत्पत्ती होय. सोलापुरास 1860 मध्ये रेल्वे आली आणि 1877 मध्ये पहिली कापडगिरणी (जुनी मिल) सुरू झाली. पाळीवर जाणाऱ्या माणसाला भाकरीपेक्षा पाव हाताशी सोयीचा. पावाचा शहरातील प्रसार या काळाशी जोडता येतो. त्याआधी खिम्याची जोडी भाकरीशीच असणार.

खिमा बहुधा शेळी-बोकडाचा असतो. काही घरांत म्हशीचा. गोवंशहत्येवर राज्यात कायद्याने बंदी आहे : गायींबाबत 1976 च्या कायद्याने, बैल व वळू यांबाबत 2015 पासून.

कृती : चारपाच माणसांना अर्धा किलो खिमा, तीनचार कांदे आणि दहाबारा पाव लागतात. खाटकाकडून सुऱ्याने केलेला हातखिमा घेतल्यास दाणा सुटा राहतो. यंत्रातून दोनदा काढलेला लगद्यासारखा होतो. अगदी चरबीविरहित मांस पावात कोरडे लागते, म्हणून थोडी चरबी राहू द्यावी. कांदा तांबूस झाल्यावर आले-लसूण, हळद आणि मग खिमा पडतो. येथेच घाई बाधते. मांस प्रथम पाणी सोडते; पातेल्यात खदखद ऐकू येते तोवर ते शिजत असते, परतले जात नसते. गोळे उलथन्याने मोडत राहावे. पाणी आटले की आवाज बदलतो, चरचर सुरू होते आणि कडेला तेल दिसू लागते. काळा मसाला व तिखट घालण्याची वेळ हीच. त्याआधी घातलेला मसाला उकडल्यासारखा लागतो. नंतर वाटीभर गरम पाणी घालून, झाकण ठेवून मऊ शिजवतात व पुन्हा आटवतात. मटार, बटाटा ऐच्छिक. काही घरांत शेवटी चमचाभर शेंगदाण्याचा कूट पडतो. त्याने खिमा पावात धरून राहतो आणि चवीला सोलापुरी वळण येते. पाव मधून चिरून, आतला थोडा गाभा दाबून, तुपावर वा तेलावर शेकावा. कच्चा पाव खिम्याच्या तेलाने लगेच भिजतो. वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू.

खिमा अखंड मांसापेक्षा लवकर बिघडतो, कारण पृष्ठभागावरचे जंतू बारीक करताना आतपर्यंत मिसळतात. आणल्या दिवशीच करावा. गुलाबी रंग जाईपर्यंत नव्हे, तर मध्यभागी सुमारे 71 अंश सेल्सिअस तापमान येईपर्यंत शिजवावा. उरलेला फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वाफ येईतो गरम करतात आणि कडक भाकरी चुरून तिच्याबरोबर खातात.