कॉम्प्रेसरच्या आधी -18 च का?

कॉम्प्रेसर (आवाजातले चढ आपोआप दाबणारं साधन) लावायच्या आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची लेव्हल -18 डीबी (डेसिबल) च्या आसपास ठेव, हे कुणी ना कुणी सांगतंच. पण 18 च का, असं विचारलं की समोरचा विषय बदलतो. त्याचं मूळ रेडिओत आहे.

1930 च्या दशकात अमेरिकेत एएम रेडिओवर आवाज हद्दीबाहेर गेला की फाटायचा, वर शेजारच्या स्टेशनमध्ये पण घुसायचा. म्हणून एक माणूस कायम नॉबवर हात ठेवून बसलेला, गाणारा वर चढला की खाली घे, कुजबुजला की वर घे. पण हात तो हातच, आवाज पुढे निघून जायचा आणि हात मागून पोचायचा. 1937 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने 110ए नावाचा लिमिटिंग अ‍ॅम्प्लिफायर आणला तो हेच काम करायला. म्हणजे कॉम्प्रेसर हा मुळात लेव्हल सांभाळणारा गडी, आवाजाला 'पंच' म्हणजे ठोसा देणं वगैरे सगळं नंतरचं.

1939 मध्ये बेल लॅब्स, सीबीएस आणि एनबीसीने मिळून व्हीयू मीटर (आवाजाची साधारण लेव्हल काट्याने दाखवणारा) ठरवला. त्याचा काटा मुद्दाम आळशी, शून्यावर पोचायला 300 मिलिसेकंद घेतो, तोवर तबल्यावरचा 'ना' वाजून संपलेला असतो. त्यामुळे काटा शून्यावर दिसला तरी खरे पीक (क्षणभर उसळणारी टोकं) बरेच वर असतात, आणि अ‍ॅनालॉग मशिन त्या हिशोबाने वरती जागा ठेवूनच बनायची. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नाही, म्हणून युरोपात ईबीयूने (तिथल्या प्रसारण संस्थांची संघटना) अलाइनमेंटसाठी, म्हणजे मशिनच्या लेव्हल एकमेकींशी जुळवायला, -18 डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल शून्याच्या 18 डीबी खाली) धरलं, अमेरिकेत -20, आणि जुन्या मशिनची नक्कल करणारे बरेच प्लगिन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्राम) आजही 0 व्हीयू म्हणजे -18 असंच धरून चालतात.

हे कळलं की जुन्या मशिनचे नॉब पण कळतात. 1960 च्या दशकात जिम लॉरेन्सने बनवलेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-2ए वर दोनच मोठे नॉब, गेन आणि पीक रिडक्शन. आत एक चमकणारी पट्टी आणि प्रकाश पडला की रेझिस्टन्स बदलणारा सेल, आवाज मोठा झाला की पट्टी जास्त उजळते आणि लेव्हल खाली येते (इतकी साधी कल्पना, आणि अजून कुणाला सुटत नाही). 1967 च्या सुमारास बिल पटनमने 1176 नावाचा कॉम्प्रेसर काढला, त्यावर तर थ्रेशोल्डचा (कुठल्या लेव्हलपासून दाबायचं ते ठरवणारा) नॉबच नाही, इनपुट जेवढं वाढवाल तेवढं जास्त दाबलं जाणार. ट्रॅक -3 ला ठोकून पाठवला तर तो बिचारा दुसरं काय करणार? आणि ही ठोकायची सवय कुठून आली तर 16 बिटच्या दिवसांतून, तेव्हा हिस (मागची सर्रसर्र) खाली राहावी म्हणून शक्य तितकं गरम, म्हणजे मोठ्या लेव्हलला, रेकॉर्ड करायचे. आता 24 बिटला त्याची गरज नाही पण सवय काही जात नाही.

दुसरा घोळ बाहेरच्या बाजूला, मेकअप गेनचा, म्हणजे दाबून कमी झालेली लेव्हल परत वाढवण्याचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला बेस आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणजे तोच ट्रॅक नुसता मोठा केला तरी भरीव वाटतो. घरी एका अभंगाच्या व्होकलवर मी हेच केलं, 6 डीबी रिडक्शन, 8 डीबी मेकअप, आणि वा काय आवाज आलाय म्हणून स्वतःवरच खूश. मग बायपास करून (कॉम्प्रेसर बाजूला ठेवून) दोन्ही सारख्या लेव्हलला ऐकलं तर मूळ टेकच जास्त मोकळा होता आणि कॉम्प्रेस केलेल्यात दोन ओळींच्या मध्ये छताचा पंखा घरघरत होता. आता आधी क्लिप गेनने (रेकॉर्डिंगच्या तुकड्याची लेव्हल बदलून) एकेक ओळ हातानेच वरखाली करतो, नॉबवरच्या त्या माणसासारखी, मग कॉम्प्रेसरला 2-3 डीबीच काम उरतं. पंखा मात्र अजून ऐकू येतो, तो रेकॉर्डिंगलाच बंद करायला हवा होता.