बाकालोव्हाच्या ऑस्कर नामांकनामागची 60 वर्षं

15 मार्च 2021 रोजी 93व्या ऑस्करची नामांकनं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीच्या पाच नावांमध्ये एक नाव होतं ‘बोराट’च्या दुसऱ्या भागात काम केलेल्या मारिया बाकालोव्हाचं. काळ्या समुद्राकाठच्या बुर्गास शहरात जन्मलेली ही अभिनेत्री तेव्हा 24 वर्षांची होती. अभिनयासाठी ऑस्करचं नामांकन मिळवणारी ती पहिली बल्गेरियन अभिनेत्री. ‘ऑस्करपर्यंत पोहोचलेली पहिली बल्गेरियन व्यक्ती’ असंही सर्रास लिहिलं जातं, ते मात्र चूक आहे. त्याआधी 2017 मध्ये कॅनडात स्थायिक झालेले बल्गेरियन अ‍ॅनिमेटर थिओडोर उशेव्ह यांच्या ‘ब्लाइंड वायशा’ या लघुपटाला नामांकन होतं, आणि त्या लघुपटाची मूळ कथाही बल्गेरियन लेखक गिओर्गी गोस्पोदिनोव्ह यांचीच.

बल्गेरियाचा पहिला कथापट वासिल गेंदोव्ह यांनी 1915 मध्ये आणला. अभिनेत्रींचे चेहरे देशाबाहेर पोहोचू लागले ते मात्र 1950च्या दशकाअखेरीस. 1959 मध्ये कान महोत्सवात ‘झ्वेझ्दी’ म्हणजे ‘तारे’ या चित्रपटाला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. दिग्दर्शक कोनराड वोल्फ पूर्व जर्मनीचे, पटकथा बल्गेरियाच्या अँजेल वागेनश्टाइन यांची. बल्गेरियातून ऑशविट्झकडे नेल्या जाणाऱ्या ग्रीक ज्यूंपैकी एक, रुथ, ही भूमिका साशा क्रुशार्स्का यांनी केली होती. पूर्व जर्मनीच्या नावाने चित्रपट कानला नेणं राजकीय कारणांनी अडलं, म्हणून तो बल्गेरियाचा चित्रपट म्हणून दाखवला गेला. पारितोषिक मिळालं ते चित्रपटाला. पुढची कित्येक वर्षं साधारण असंच चाललं: चित्रपट गाजायचा, मान दिग्दर्शकाला किंवा चित्रपटाला मिळायचा आणि ज्या चेहऱ्यावर सगळा चित्रपट उभा, तिचं नाव श्रेयनामावलीत राहून जायचं.

नेव्हेना कोकानोव्हा याचं सगळ्यात ठळक उदाहरण. 1938 साली दुप्नित्सात जन्म. अभिनयाचं रीतसर शिक्षण नाही. शिकल्या त्या याम्बोलच्या नाटकमंडळीत, आणि आज तिथल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. ‘त्युत्युन’ (1962) मधली इरिना त्यांनी साकारली आणि तो चित्रपट 1963 मध्ये कानच्या स्पर्धेत होता. 1964 मध्ये व्हलो रादेव्ह यांचा ‘पीचचोर’ आला. पहिल्या महायुद्धाचा शेवट, तिर्नोव्हो शहर, एका कर्नलची पत्नी लिझा आणि बागेत पीच चोरायला शिरलेला सर्बियन युद्धकैदी. कोकानोव्हा या भूमिकेत संवादापेक्षा थांबण्यातून बोलतात. कैदी समोर आल्यावर लिझा आधी मान वळवते, मग नजर. त्या अर्ध्या क्षणाच्या उशिरात तिचं सगळं लग्न कळतं. 1967 च्या ‘ओत्क्लोनेनिए’ला मॉस्को महोत्सवात विशेष पारितोषिक मिळालं. देशात त्यांना ‘बल्गेरियन चित्रपटसृष्टीची पहिली स्त्री’ म्हणत आणि ‘लोककलावंत’ हा सर्वोच्च सरकारी किताबही त्यांना होता. 2000 साली त्या गेल्या. आंतरराष्ट्रीय ओळख मात्र त्यांच्या ताकदीच्या मानाने फार थोडी मिळाली, असं मला ठामपणे वाटतं.

कारण तिथल्या रचनेत होतं. समाजवादी काळात चित्रपट काढायचं आणि परदेशी पाठवायचं, दोन्ही सरकारी यंत्रणेच्या हातात. कानसारखे महोत्सवही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देशांनी पाठवलेले चित्रपट घेत. कोणता चित्रपट जाणार हे अभिनेत्रीच्या हातात नाही, एजंट नाही, प्रचाराचा तर प्रश्नच नाही. कात्या पास्कालेव्हा यांचंही तेच झालं. मेतोदी आंदोनोव्ह यांच्या ‘बकऱ्याचं शिंग’ (1972) मध्ये आई आणि तिची मुलगी मारिया या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. संवाद अगदी मोजके. मुलासारखी वाढवलेली मुलगी पहिल्यांदा बाईचे कपडे अंगावर घालून बघते तो प्रसंग तर जवळजवळ मुकाच आहे. बल्गेरियाने हा चित्रपट ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठवला होता. त्या विभागात दर देशाचा एकच चित्रपट जातो, आणि तो मान देशाचा असतो, कलाकाराचा नव्हे.

1989 नंतर सरकारी पैसा आटला आणि काही वर्षी कथापट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पण जे बनले ते महोत्सवांकडे स्वतःच्या पायांनी गेले आणि तिथे अभिनेत्रींना स्वतःच्या नावाने पारितोषिकं मिळू लागली. 2005 मध्ये मॉस्कोत व्हेसेला काझाकोव्हा यांना ‘ओत्क्रादनाती ओची’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य सेंट जॉर्ज मिळाला. 1980 च्या दशकात तुर्की वंशाच्या नागरिकांची नावं सक्तीने बदलली गेली, त्या काळाचा हा चित्रपट. 2016 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात रालित्सा पेत्रोव्हा यांच्या ‘बेझबोग’ला सुवर्ण चित्ता हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच चित्रपटासाठी इरेना इव्हानोव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची ओळखपत्रं चोरून विकणारी शुश्रूषिका हे पात्र प्रेक्षकाकडे सहानुभूती मागतच नाही, आणि इव्हानोव्हा ती मागायला जातही नाहीत. चित्रपट आणि अभिनेत्री, दोघांची नावं एकाच यादीत येण्याचा तो क्षण मला बाकालोव्हाच्या नामांकनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बाकालोव्हा याच वळणावर उभी होती. बुर्गासच्या संगीत विद्यालयातून ती सोफियाच्या क्रस्त्यो साराफोव्ह नाट्य व चित्रपट अकादमीत आली आणि 2019 मध्ये पदवीधर झाली. त्याच वर्षी क्रिस्तिना ग्रोझेव्हा आणि पेतर व्हल्चानोव्ह यांच्या ‘बाश्ताता’ला चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवाचा सर्वोच्च मान, क्रिस्टल ग्लोब, मिळाला, त्यात तिची छोटी भूमिका आहे. या चित्रपटाचं इंग्रजी नाव ‘द फादर’. 2021 च्या ऑस्करमध्ये ऑलिव्हिया कोलमन यांना ज्या ‘द फादर’साठी बाकालोव्हाच्याच विभागात नामांकन होतं, तो चित्रपट वेगळा. याद्यांमध्ये या दोहोंची सरमिसळ होते, म्हणून तारीख आणि दिग्दर्शक बघूनच नोंद घ्यावी.

23 ऑक्टोबर 2020 रोजी खऱ्या माणसांना अंधारात ठेवून चित्रित केलेल्या ‘बोराट’ या विनोदपटाचा दुसरा भाग अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. बोराटची मुलगी तुतार साकारणारी ही अभिनेत्री कोण, हे तोवर बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रपटात कझाक पत्रकार बोराट कझाक भाषा म्हणून जे बोलतो ते खरं तर हिब्रू आहे आणि तुतार बोलते ती बल्गेरियन. म्हणजे दोघं एकमेकांच्या भाषेत न बोलता संवाद साधत होते, तेही समोरच्या खऱ्या, बेसावध माणसांच्या देखत. दुसरा टेक घेण्याची सोय नाही आणि पात्र सुटलं की अख्खा प्रसंग वाया. समीक्षकांनी नेमकी हीच बाजू हेरली.

पारितोषिकांचा क्रम बघण्यासारखा आहे. डिसेंबर 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने तिला सहायक अभिनेत्रीचा मान दिला, शिकागोच्या समीक्षकांनीही. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय समीक्षक संस्थेनेही तिलाच निवडलं. 7 मार्चला क्रिटिक्स चॉइस पारितोषिक तिच्या हाती आलं. गोल्डन ग्लोबमध्ये मात्र तिला नामांकन होतं विनोदी वा संगीतपटातली प्रमुख अभिनेत्री म्हणून, आणि 28 फेब्रुवारीला ते रोझमंड पाइक यांच्याकडे गेलं. एकच भूमिका, दोन विभाग. कारण असं की ग्लोबमध्ये प्रमुख भूमिकांसाठी नाट्यपट आणि विनोदी अशी वाटणी आहे, सहायक भूमिकांसाठी ती नाही. त्यामुळे विनोदी चित्रपटातल्या मोठ्या भूमिकेला प्रमुख विभागात जास्त मोकळी जागा मिळते.

ऑस्करमध्ये ही सोय नाही. तिथे अभिनयाची नामांकनं फक्त अभिनेत्यांची शाखा ठरवते, आणि भूमिका प्रमुख की सहायक हे मतदार स्वतः लिहितो. नामांकनाला पसंतीक्रम असतो. समजा 1,200 मतपत्रिका आल्या. 5 जागांसाठी त्यांना 6 ने भागायचं, आलेल्या 200 मध्ये 1 मिळवायचा, म्हणजे नामांकनासाठी लागणाऱ्या मतांचा कोटा 201. अशा मोजणीत सगळ्यांच्या यादीत चौथं-पाचवं असून भागत नाही. काहींची पहिली पसंती असावीच लागते, नाहीतर नाव पहिल्याच फेऱ्यांत गळतं. एकाच भूमिकेची मतं दोन विभागांत विखुरली तर ती एकत्र केली जात नाहीत. म्हणूनच निर्माते एक विभाग धरून प्रचार करतात, आणि बाकालोव्हाच्या बाबतीत तो सहायक अभिनेत्रीचा होता. समीक्षकांच्या पारितोषिकांचं खरं काम इथे कळतं: मतदारांना तो चित्रपट लावून बघायला भाग पाडणं.

महामारीचाही वाटा होता. एप्रिल 2020 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम सैल केला: चित्रपटगृहात येण्याचं आधी ठरलेलं असेल, तर थेट ऑनलाइन आलेला चित्रपटही पात्र. मुदतही 28 फेब्रुवारी 2021 पर्यंत वाढली. अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेचं आणि बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचं, नामांकनही तिला मिळालं. ते दोन्ही मान आणि 25 एप्रिलला ऑस्करही ‘मिनारी’साठी यून यू-जंग यांना मिळाले. अंतिम फेरीत अकादमीचे सगळे सदस्य एकेकच मत देतात, पसंतीक्रम नसतो, आणि तिथे चित्र आधीच्या महिन्यांत ठरलेलं होतं.

त्याच वर्षी कानच्या ‘अं सर्तां रगार’ विभागात ‘विमेन डू क्राय’ दाखवला गेला. बाकालोव्हा त्यात होती, आणि मिना मिलेव्हा यांच्यासोबत दिग्दर्शन केलं होतं व्हेसेला काझाकोव्हा यांनी, म्हणजे 2005 च्या मॉस्कोच्या त्याच विजेत्या अभिनेत्रीने. 2024 मध्ये अली अब्बासींच्या ‘द अप्रेंटिस’मध्ये तिने साकारलेली इव्हाना ट्रम्प, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांची पहिली पत्नी, कानच्या मुख्य स्पर्धेत दिसली, पण पुढच्या ऑस्करमध्ये त्या चित्रपटातून सेबॅस्टियन स्टॅन आणि जेरेमी स्ट्राँग यांनाच नामांकन मिळालं. त्याच वर्षी ग्रोझेव्हा-व्हल्चानोव्ह जोडीचा ‘ट्रायम्फ’ बल्गेरियाने ऑस्करसाठी पाठवला, त्यात बाकालोव्हा मुख्य भूमिकेत आहे.