एकाच घराची दोन दारे

‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या कादंबरीतल्या डॉ. जेकिलच्या घराचे पुढचे दार लंडनमधल्या एका चौकात उघडते. मागचे दार गल्लीत आहे. त्याच्या रंगाचे पोपडे निघालेत आणि त्याला ना घंटा, ना ठोठावायची कडी. औषध घेऊन जेकिल ज्या दुष्ट माणसात बदलतो, त्या हाइडची ये-जा या मागच्या दाराने. दोन्ही दारे एकाच घराची आहेत हे कथेत या दाराची गोष्ट सांगणाऱ्या एनफिल्डलासुद्धा आधी ठाऊक नसते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही छोटी कादंबरी जानेवारी १८८६ मध्ये आली. गॉथिक कथेला, म्हणजे भय आणि गूढ यांच्या कथेला, या घरापर्यंत पोहोचायला सव्वाशे वर्षे लागली होती. होरेस वॉलपोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रँटो’मध्ये (१७६४) दुष्टपणा जुन्या इटलीतल्या एका किल्ल्यात राहत होता. जुलमी सरदार एकीकडे, त्याच्या तावडीतून पळणारी निष्पाप मुलगी दुसरीकडे, आणि इंग्रज वाचक या सगळ्यापासून लांब, सुखरूप. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने (१८१८) ही वाटणी मोडली. तिथे राक्षस कोण, घडवलेला जीव की त्याला घडवून टाकून देणारा शास्त्रज्ञ, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.

पण जेकिलची खरी मुळे मला स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये दिसतात. कथा लंडनमध्ये घडते, तरी लेखक १८५० साली जन्मला एडिंबरात. एका बाजूला जुने शहर, उंच काळवंडलेल्या इमारतींचे, बोळांचे. दुसऱ्या बाजूला १७६७च्या आराखड्यावरून आखलेले नवे, रुंद रस्त्यांचे. स्टीव्हन्सन नव्या शहरात वाढला. त्याच्या खोलीत एक कपाट होते, विल्यम ब्रोडीने बनवलेले. हा ब्रोडी सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगर परिषदेचा सदस्य होता. दिवसा लोकांच्या घरी कामाला जायचा, त्यांच्या चाव्यांचे ठसे घ्यायचा आणि रात्री तिथेच चोरी करायचा. १ ऑक्टोबर १७८८ रोजी त्याला फाशी झाली. स्टीव्हन्सनने पुढे डब्ल्यू. ई. हेन्लीसोबत त्याच्यावर नाटकही लिहिले.

त्यात भर स्कॉटलंडच्या कॅल्व्हिनपंथी धर्माची. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवले आहे, ही त्यातली शिकवण. लहानग्या आजारी स्टीव्हन्सनला त्याची दाई नरकाच्या गोष्टी सांगायची. या शिकवणीतला धोका स्कॉटिश लेखक जेम्स हॉगने १८२४ मध्येच दाखवला होता. त्याच्या कादंबरीतल्या तरुणाला आपण तरणाऱ्यांपैकी आहोत याची इतकी खात्री असते की खून करतानाही तो स्वतःला पुण्यवान समजतो. माझ्या मते जेकिलचा सगळ्यात जवळचा पूर्वज हाच. दुर्दैवाने हॉगला वाचक फार उशिरा मिळाले.

‘जेकिल चांगला, हाइड वाईट’ हे समीकरण आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याला मोठा हातभार रंगभूमीने लावला. १८८७च्या बोस्टनमधल्या नाटकात रिचर्ड मॅन्सफिल्डने दोन्ही भूमिका केल्या, आणि जेकिलला एक वाग्दत्त वधू देऊन त्याला सज्जन प्रेमिक बनवण्यात आले. पुस्तकात तसे नाही. तिथे निव्वळ वाईट असा फक्त हाइड आहे. जेकिल आपल्यासारखाच, भेसळीचा. औषध घेण्याआधीही तो आपली सुखे लपवूनच भोगत होता. शेवटच्या कबुलीजबाबात हाइडच्या कृत्यांबद्दल लिहिताना तो ‘तो’ म्हणतो, मग थांबून सांगतो की इथे ‘मी’ म्हणणे मला जमत नाही.